शेजारची घंटा

१९९१ साली मी सेमिनरीत ईशज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मुंबईतील एका फिल्म सोसायटीने युरोपीय दिग्दर्शकांचे काही चित्रपट दाखविण्याचे योजिले होते आणि आम्हा चौघा ब्रदरांना त्यांपैकी एका खेळाला जाण्याची अनुज्ञा मिळाली. चित्रपट कोणता याची चौकशी ना आम्ही केली, ना अनुज्ञा देणाऱ्यांनी. दिग्दर्शक पोलंडच्या क्राकोव शहरात वाढलेला आहे एवढे कानी आले होते. पोप जॉन पॉल दुसरे हे एके काळी त्याच शहराचे महाधर्मगुरू. तेव्हा त्यांच्या गाववाल्याची कलाकृती पाहावयाची म्हणून आम्ही काहीशा भाविकपणेच खुर्च्यांवर जाऊन बसलो. चित्रपटाचे नाव होते 'रिपल्शन'. तासाभराने आम्ही चौघेही उठून बाहेर आलो.

परतीच्या लोकलमध्ये कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एका प्राध्यापक फादरांनी सहज विचारले, "कसा होता चित्रपट?" मी उत्तरलो, "अशुद्ध." त्यांनी मान डोलावली आणि तो विषय तेथेच संपला. त्या काळी आम्हाला नेत्रसंयम शिकविला जात असे. रस्त्याने चालताना, गाडीत बसताना, वृत्तपत्र चाळताना दृष्टी कोठे न्यावी आणि कोठून वळवावी याचे ते शिक्षण होते. मी ते मनापासून आत्मसात केले होते. नेत्रसंयमाची मी थट्टा करीत नाही, त्याने मला अनेक खड्ड्यांपासून वाचविले आहे. पण दृष्टी वळविण्याची सवय एकदा हाडीमाशी खिळली की कोठे वळवू नये याचे भान सुटत जाते. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील युवकांनी १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त एखादा चित्रपट दाखवावा अशी सूचना केली. कोणता दाखवावा याचा विचार करताना तेहतीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर सोडलेला तो चित्रपट मला आठवला. माझ्या पुतण्याने तो मिळवून दिला. पावसाळी रात्र होती, स्वयंपाकी घरी गेला होता, आणि मी कार्यालयातील संगणकासमोर एकटा बसून 'रिपल्शन' पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. युवकांना तो दाखविला नाही. का नाही, हे लेख वाचून संपेपर्यंत वाचकांच्या ध्यानात येईल.

रोमान पोलान्स्की यांचा हा पहिला इंग्रजी चित्रपट. १९६५ साली तो प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाचा बहुमान मिळाला. कृष्णधवल चित्रण गिल्बर्ट टेलर यांचे. प्रमुख भूमिका कॅथरीन दनव या जेमतेम विशी ओलांडलेल्या फ्रेंच अभिनेत्रीची. कथा दोन वाक्यांत सांगता येते. कॅरल ही बेल्जियमहून आलेली तरुणी लंडनच्या केन्सिंग्टन भागात आपल्या थोरल्या बहिणीसह भाड्याच्या घरात राहते आणि एका सौंदर्यप्रसाधन केंद्रात धनिक स्त्रियांची नखे साफ करण्याचे काम करते. बहीण आपल्या विवाहित प्रियकरासह इटलीला सहलीस निघून जाते आणि त्या रिकाम्या घरात कॅरलचे मन हळूहळू दुभंगत जाऊन तिच्या हातून दोन माणसांचे खून पडतात. पण अशी कथा सांगणे म्हणजे या चित्रपटाविषयी काहीच न सांगणे होय.

आरंभीच पडदाभर एक डोळा दिसतो. ढोलाचे संथ ठोके पडत असतात आणि श्रेयनामे त्या डोळ्यावरून सरकत जातात. डोळा पापणी मिटतो, हलतो, पण काही पाहत आहे असे वाटत नाही. मग कॅमेरा मागे येतो आणि कळते की ही मुलगी एका गिऱ्हाईक बाईचा हात हाती धरून तशीच बसून राहिली आहे. बाई विचारते, झोप लागली की काय? प्रेमात पडली असशील, असाही तर्क ती बोलून दाखविते. सारा चित्रपट या एका प्रसंगात बीजरूपाने आहे. मुलगी सर्वांच्या डोळ्यांदेखत बुडत आहे आणि जो तो आपल्यापाशी असलेले सोयीचे कारण तिला चिकटवून मोकळा होतो. ती थकली आहे. ती प्रेमात आहे. ती लाजाळू आहे. तिच्यामागे लागलेला कॉलिन नावाचा तरुण काही दुष्ट नव्हे, उलट मवाळच आहे. पण तिचे मौन म्हणजे तिचे सौंदर्यच आहे अशी त्याची समजूत आहे. तो तिचे चुंबन घेतो तेव्हा ती धावत घरी जाऊन दात घासते, ओठ पुसत राहते. आम्ही बाहेर पडलो ते याच्या थोडे पुढे, अंधाऱ्या खोलीत कपाटाच्या आरशात क्षणभर एक पुरुष दिसतो आणि मागोमाग तिच्यावरील अत्याचाराचे भास सुरू होतात, त्या सुमारास.

त्या भासांच्या दृश्यांत एकही किंकाळी ऐकू येत नाही. घड्याळाची टिकटिक तेवढी चालू असते. या चित्रपटाची भीती डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक घ्यावी लागते. नळाचे ठिबकणे, माशीची गुणगुण, वरखाली होणारी लिफ्ट, कोठेतरी कोणीतरी पियानोवर पुन्हा पुन्हा घोकत असलेले स्वर. भिंतीपलीकडून येणारे बहीण आणि तिच्या मित्राचे आवाज. बहिणीने रांधण्यासाठी आणलेला सोललेला ससा ताटातच राहून गेला आहे. तो सडत जातो, शेजारच्या बटाट्यांना कोंब फुटतात, आणि दिवस किती लोटले हे आपल्याला त्या कोंबांवरून कळते. भिंतींना तडे जातात. तिने हात टेकताच भिंत ओल्या मातीसारखी मऊ होऊन तिच्या बोटांचे ठसे घेते. पुढे बोळातल्या दोन्ही भिंतींतून हात बाहेर येऊन तिला धरू पाहतात. आज संगणकाच्या साहाय्याने याहून भयंकर देखावे उभे करता येतात, पण ते पाहून माझ्या अंगावर काटा येत नाही. येथे तो आला, कारण या घरातले काहीच परके नव्हते. चहाचे कप, टेबलावरचा टेलिफोन, इस्त्री. एका प्रसंगी ती मन लावून इस्त्री करीत असते आणि इस्त्रीची वायर जोडलेलीच नसते.

'रिपल्शन' या शब्दाला आपल्याकडे किळस, शिसारी, घृणा, तिटकारा असे पुष्कळ पर्याय आहेत. घृणेत द्वेषाचा अंश आहे, तिटकाऱ्यात अहंकाराचा. कॅरलला होते ती किळस. किळस विचारपूर्वक येत नाही, ती अंगातून येते. आणि तिच्यामागे बहुधा स्पर्शाची एखादी जुनी आठवण असते. बहिणीच्या प्रियकराने आपला दात घासण्याचा ब्रश आणि दाढीचा वस्तरा तिच्या पेल्यात ठेवावा, एवढ्यानेही तिला ती होते. बहीण म्हणते त्याप्रमाणे ती केवळ नाजूक स्वभावाची असती, तर ती कुरकुरली असती, भांडली असती. ती त्या वस्तू उचलून कचऱ्यात टाकते.

यात आम्हा कॅथलिकांस विशेष वाटेल अशी एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी समीक्षक सहसा एखाद्या वाक्यापलीकडे लिहीत नाहीत. कॅरलच्या खिडकीखाली एक कॉन्व्हेंट आहे. त्याची घंटा वेळोवेळी वाजते. अंगणात धर्मभगिनी चेंडू खेळताना दिसतात, त्यांचे झगे वाऱ्यावर उडतात, त्या हसतात. कॅरल वरून त्यांच्याकडे पाहत राहते. तरुणपणी हे पाहून मला वाटले होते की धर्मजीवनाची ही कुचेष्टा आहे. ब्रह्मचर्य आणि मनोविकृती यांना एका चौकटीत बसवून दिग्दर्शक आमच्यावर थुंकला आहे, असा माझा ग्रह झाला. आता तसे वाटत नाही. दिग्दर्शकाचा हेतू काय होता, हे त्याचे त्याला ठाऊक. पण पडद्यावर जे आहे ते उलटच सांगते. त्या भगिनींनी काहीतरी स्वेच्छेने अर्पण केले आहे, म्हणून त्या चेंडू खेळू शकतात. कॅरलने काहीच अर्पण केलेले नाही. तिच्याकडून काहीतरी काढून घेतले गेले आहे. दोघींच्या जीवनात पुरुष नाही, एवढ्या साम्यावरून त्यांना एकाच तराजूत तोलणे म्हणजे उपवास आणि उपासमार यांत भेद न करणे होय. धर्मजीवनासाठी येणाऱ्या उमेदवारांची मने पारखणाऱ्यांनी हा भेद डोळ्यांत तेल घालून पाहावा. किळसेपोटी घेतलेले ब्रह्मचर्य फार काळ टिकत नाही. आणि टिकले तर अधिकच वाईट.

मात्र दुसरी एक गोष्ट मला त्या रात्री टोचली. ती घंटा चित्रपटभर वाजते, तिच्या नादावर तो कॉन्व्हेंट आपला दिनक्रम चालवितो, आणि रस्त्यापलीकडच्या घरात काय चालले आहे याचा त्याला पत्ता नाही. त्या भगिनींचा दोष नाही. त्यांनी खिडकीतल्या मुलीला पाहिलेच नसेल. तरीही मी संगणक तेथेच थांबविला आणि बराच वेळ पुढे गेलो नाही, कारण माझ्याही देवळाची घंटा दिवसातून तीन वेळा वाजते.

माझी पहिली नेमणूक किनाऱ्याजवळच्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून झाली होती. पुढील हकीकत १९९९ सालची आहे. ती सांगण्यापूर्वी एक खुलासा करणे प्राप्त आहे. पापनिवेदनात ऐकलेला एकही शब्द धर्मगुरूला बाहेर काढता येत नाही, आणि येथे जे लिहितो आहे ते त्या संस्कारातले नाही. जे उघड्या डोळ्यांना दिसले तेवढेच आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि जिची ही हकीकत आहे तिची संमती घेतली आहे.

बावीस-तेवीस वर्षांची ती मुलगी नातेवाइकांच्या घरी राहत असे. आईबाप नव्हते. सकाळच्या मिस्साला ती नित्यनेमाने येई आणि मिस्सा संपल्यावर आवारातल्या नळावर हात धूत उभी राही. पाच मिनिटे, दहा मिनिटे. कोणी नळावर आले की बाजूला होई आणि ते गेले की पुन्हा धुऊ लागे. तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असत. आम्ही सर्वांनी ते पाहिले होते. सॅक्रिस्तन म्हणे, "पाण्याचे बिल तिलाच पाठवा, फादर." मीही हसलो होतो. भाविक मंडळी तिला देवभोळी म्हणत. मी सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो होतो. अतिशंकाकुल विवेकबुद्धी हा पाठ मला पाठ होता, आणि तिची गणना मी मनातल्या मनात त्या पाठाखाली करून टाकली होती.

एके दिवशी तिची काकी धर्मगुरूनिवासावर आली. "फादर, घराला आशीर्वाद देऊन जा. पोरीला रात्री भिंतीतून आवाज येतात. निजत नाही, निजू देत नाही." मी त्याच संध्याकाळी गेलो. गळ्यात स्टोल, हाती पवित्र पाण्याचे भांडे. घर जुने, ऐसपैस. सर्व खोल्यांत प्रार्थना करीत शेवटी तिच्या खोलीशी आलो. दाराच्या आत एक पत्र्याची भलीमोठी पेटी भिंतीला लावून ठेवलेली होती. आणि फरशीवर त्या पेटीपासून थेट दाराच्या पाखापर्यंत ओरखडे उमटले होते. एकदोन नव्हेत, एकावर एक, पांढरे झालेले. ती पेटी रोज रात्री ओढली जात होती आणि रोज सकाळी परत सारली जात होती, हे समजण्यास ईशज्ञानाची पदवी लागत नव्हती. मला ते समजलेही. मी ते पाहिले, ओरखडे ओलांडून आत गेलो, चारी भिंतींवर पाणी शिंपडले आणि बाहेर आलो. मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिने क्रूसाची खूण केली.

नंतर चहा झाला. काकी म्हणाली, "आमची पोर जरा हळवी आहे, फादर." मी म्हणालो, "होय, हळवी आहे. घरात रोज रोझरी होऊ द्या."

चित्रपटात प्रियकर मायकल एकदा बहिणीला सुचवितो की या मुलीला डॉक्टरला दाखवायला हवे. तो फारसा भला गृहस्थ नाही. पण साऱ्या चित्रपटात शहाणपणाची गोष्ट तेवढा तोच बोलतो. त्यावर बहीण चिडते. कॅरल संवेदनशील आहे, एवढेच तिचे म्हणणे. ते वाक्य ऐकले आणि मला त्या चहाची चव आठवली. हळवी हा शब्द आपण किती प्रेमाने वापरतो! त्यात दोषारोप नाही, अनादर नाही; आणि तो उच्चारल्यावर पुढे काही करावे लागत नाही.

त्यानंतर चारेक महिन्यांनी निरोप आला की दोन दिवस झाले, मुलीने दार उघडलेले नाही. "तुमचं ऐकेल, फादर." मी धावत गेलो. अंगणात सारा वाडा जमला होता. मी दाराशी उभा राहून तिला नावाने हाका मारल्या. आतून उत्तर नाही, पण श्वास ऐकू येत होता. शेवटी दोघा तरुणांनी खांदे लावून दार ढकलले. पेटी करकरत मागे सरली. ती पलीकडे भिंतीला पाठ लावून बसली होती. जिवंत होती, उपाशी होती, कोणाकडे पाहत नव्हती. दारात माणसांची भिंत झाली. कोणी हळूच म्हणाले, "बाहेरचं आहे." एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "फादर, भूत काढायची प्रार्थना तुम्हाला येते ना?" योगायोग असा की त्याच वर्षी रोमने भूतनिरसनाचा सुधारित विधी प्रसिद्ध केला होता. आजार आणि पछाडणे यांत गल्लत होऊ नये याची सक्त ताकीद त्यात आहे, आणि महाधर्मगुरूंच्या खास परवानगीविना कोणाही धर्मगुरूला तो विधी करता येत नाही. हे सर्व मी त्या गृहस्थाला समजावून सांगितले. माझे विवेचन अचूक होते. मी ते दारात उभा राहून करीत होतो आणि आत ती बसलेली होती.

तेवढ्यात गर्दी मागून हलली. शेजारच्या कॉन्व्हेंटमधील, दवाखाना सांभाळणाऱ्या वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. आत गेल्या, पदर खोचून फरशीवर त्या मुलीपासून हातभर अंतरावर बसल्या आणि तिच्याकडे न पाहता बसून राहिल्या. मग मान वळवून म्हणाल्या, "सगळे बाहेर जा." आम्ही हललो नाही, तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "फादर, तुम्हीही."

'रिपल्शन'चा शेवट मी १९९१ साली पाहिलाच नव्हता. तो असा आहे. बाहेर पाऊस पडत असतो. बहीण आणि मायकल सहलीहून परततात. दिवाणखान्यात घरमालकाचे प्रेत, न्हाणीघरात कॉलिनचे. कॅरल पलंगाखाली सापडते. बहिणीच्या आक्रोशाने शेजारी गोळा होतात, जे चित्रपटभर केवळ भिंतीपलीकडचे आवाज होते ते आता देह धारण करून खोलीत शिरतात, आणि तिच्याभोवती उभे राहून पाहत राहतात. वयस्क माणसे, घरगुती कपड्यांतली, भली दिसणारी. त्यांच्या चेहऱ्यांवर दया आहे आणि कुतूहलही आहे. मला त्या घोळक्यात माझा चेहरा शोधावा लागला नाही.

त्यानंतर कॅमेरा त्या विस्कटलेल्या घरातील वस्तूंवरून फिरत फिरत एका कौटुंबिक छायाचित्रापाशी येतो. ते आधीही आपल्याला दाखविलेले असते. घरमालकाने त्याविषयी विचारले असता ब्रुसेल्स, एवढेच तिने सांगितलेले असते. छायाचित्रात सारी मंडळी प्रसन्न आहेत. मागे उभी असलेली एक लहान मुलगी मात्र कॅमेऱ्याकडे पाहत नाही. तिची नजर बाजूला, मोठ्यांपैकी कोणावर तरी खिळली आहे. कॅमेरा तिच्या डोळ्याच्या जवळ जात जात, सारे काळे होईपर्यंत जातो. बस्स. हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'त अखेरीस एक मनोविकारतज्ज्ञ येऊन सर्व उलगडा करून देतो आणि प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो. येथे कोणी येत नाही. त्या मुलीशी कोण कसे वागले होते, वागले होते की नव्हते, हे दिग्दर्शक सांगत नाही. छायाचित्र मात्र साऱ्या चित्रपटभर तेथेच होते, सर्वांच्या समोर.

ज्या माणसाने हे छायाचित्र तेथे ठेवले त्याच्याविषयी न बोलता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोलान्स्की यांचा जन्म १९३३ सालचा. नाझींनी क्राकोवच्या ज्यू वस्तीत त्यांच्या कुटुंबाला कोंडले, आईला आउशविट्झमध्ये मारले, आणि हा मुलगा खेड्यापाड्यांतील कॅथलिकांच्या घरी लपून वाचला. भिंतीपलीकडच्या पावलांची भीती त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नसणार. पुढे १९७७ साली लॉस एंजेलिस येथे याच माणसाने एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. न्यायालयात त्यांनी अल्पवयीन मुलीशी अवैध शरीरसंबंधाचा गुन्हा कबूल केला आणि १९७८ साली शिक्षा सुनावली जाण्याआधी अमेरिका सोडली. मुलीच्या मनातील किळस ज्याने इतक्या अचूकपणे जाणली, त्यानेच बारा वर्षांनी ती किळस एका खऱ्या मुलीच्या वाट्याला दिली. जाणणे आणि न दुखावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापूर्वीही ठाऊक होते. पण इतक्या जवळून पाहण्यास मन धजत नाही. त्यांच्या अपराधाकडे बोट दाखविताना धर्मगुरूचा हात थोडा थरथरतो, हेही येथेच लिहितो. आमच्यापैकी काहींनी काय केले आणि त्यांच्या वरिष्ठांनी काय झाकले, हे आता जगजाहीर आहे. धर्मगुरू आणि व्रतस्थांनी अशा गोष्टी कळताच वरिष्ठांना कळविल्याच पाहिजेत, हा नियम साऱ्या ख्रिस्तसभेसाठी पोप फ्रान्सिस यांनी केला तो २०१९ साली. आपल्या देशात बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा झाला तो २०१२ साली. काही दारांसमोर पेट्या त्याच्या कितीतरी आधीपासून ओढल्या जात होत्या.

कॅरलला पाप लागले काय? असा प्रश्न एका तरुण धर्मगुरूने मला चित्रपटाची हकीकत ऐकून विचारला. जुन्या नीतिशास्त्राला मी येथे श्रेय देतो. घोर पापासाठी केवळ घोर विषय पुरत नाही. पूर्ण जाणीव लागते आणि पूर्ण संमती लागते. भय, सवय आणि मानसिक कारणांनी जबाबदारी उणावते, असे आपला धर्मशिक्षणग्रंथही म्हणतो. कॅरलपाशी अखेरीस ना जाणीव उरली होती, ना संमती. तिच्यासंबंधीचे उत्तर सोपे आहे. मला जाणीव होती. ओरखडे मी पाहिले होते. माझे उत्तर मी माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांपाशी अनेक वर्षांपूर्वी दिले आहे आणि ते तेथेच राहू द्यावे.

मार्कच्या शुभवर्तमानात गरसेकरांच्या प्रदेशातील तो माणूस येतो, जो थडग्यांत राही आणि दगडांनी स्वतःला ठेचून घेई. गावाने त्याच्यासाठी साखळ्या पुरविल्या होत्या. येशूने त्याला नाव विचारले. या उताऱ्यावर मी निदान वीस वेळा प्रवचन केले असेल. डुकरांच्या कळपाविषयी पुष्कळ बोललो आहे. त्या विचारण्याविषयी बोलल्याचे मला आठवत नाही.

त्या मुलीला सिस्टरांनी दोन दिवसांनी स्वतः सोबत नेऊन इस्पितळात दाखल केले. औषधे चालू झाली. ती परत त्या घरी गेली नाही. काही वर्षे भगिनींच्या वसतिगृहात राहिली, शिवणकाम शिकली, पुढे तेच तिने पोटापाण्यासाठी केले. औषधे अद्याप चालू आहेत आणि ती चुकवीत नाही. सिस्टरांनी मला त्या दिवशी संध्याकाळी एकच प्रश्न केला होता. "तुम्ही त्या घरी गेला होतात ना, फादर? पेटी पाहिली नव्हती?" मी म्हणालो, पाहिली होती. त्या पुढे काही बोलल्या नाहीत आणि दवाखाना बंद करण्यास निघून गेल्या. त्या आता देवाघरी आहेत.

चित्रपट पाहिल्यानंतर महिन्याभराने मी त्या जुन्या धर्मग्रामाच्या सणाला गेलो होतो. मिस्सा आटोपल्यावर मांडवात ती भेटली. आता पन्नाशीकडे झुकलेली, अंगाने भरलेली, चष्मा लावलेली. लोक पांगल्यावर मी तिला त्या पेटीविषयी विचारले, पंचवीस वर्षे उशिरा. त्या वेळी मी ती पाहिली होती आणि काही बोललो नव्हतो, हेही सांगितले. ती थोडा वेळ मांडवाच्या दिव्यांकडे पाहत राहिली.

"आईची होती ती, फादर," ती म्हणाली. "फार जड होती."

मग तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला वेदीचा नवा आच्छादनकपडा काढला, माझ्या हाती दिला आणि विचारले की माझ्या आताच्या देवळातली वेदी किती फूट लांब आहे. मला नक्की सांगता आले नाही. मापून कळवितो, असे म्हणालो, आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, घंटा होण्यापूर्वी, ते माप घेतले.